सोडून दिलेल्यांची यादी: पश्चात्ताप हा पुरावा असतो का?

मागच्या लेखानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा होता: "ताई, गाइड म्हणतात पेपर क्रिटिकली वाच. म्हणजे नेमकं काय करायचं? चुका काढायच्या का?"

चुका काढणं हा त्यातला लहान भाग आहे. एखाद्या दाव्यावर टीका करायची म्हणजे आधी तो दावा त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडायचा. मग तो कशाच्या आधारावर उभा आहे ते एकेक करून तपासायचं. आणि शेवटी, एवढं सगळं करून त्यातलं काय उरलं, ते सांगायचं. हा शेवटचा टप्पा आपण बहुतेक वेळा गाळतो. जर्नल क्लबमध्ये पेपरची चिरफाड करून लोक खाली बसतात आणि पेपरमध्ये खरं काय होतं ते कुणालाच कळत नाही.

हे समजावून सांगायला आज पेपर घेत नाही. गेली काही वर्षं मी चहाच्या टपरीवर जो युक्तिवाद ऐकत आले, तो घेते. विषय फुटबॉलचा आहे. फुटबॉल फारसा कळत नसला तरी अडणार नाही.

यादी

१८ मार्च २०२३. गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगची फायनल, एटीके मोहन बागान विरुद्ध बंगळुरू. २-२ अशी बरोबरी, मग पेनल्टी. बागानच्या विशाल कैथनं ब्रूनो रामिरेसची पेनल्टी अडवली आणि बागान ४-३ नं जिंकलं. आम्ही चार-पाच जण एका मित्राच्या खोलीवर मॅच बघत होतो. सगळे ओरडले, हा मित्र तेवढा गप्प होता. मग म्हणाला, "हा आपला होता. आपण सोडला."

'आपण' म्हणजे पुणे. त्याच्याकडे एक यादी आहे: पुण्यानं सोडलेल्या खेळाडूंची. पूर्ण अकरा जणांचा संघ तो दर मोसमात नव्यानं लावतो. चार नावं बदलत राहतात, पण सात पक्की आहेत.

जेजे लालपेखलुआ: पुणे एफसीचा, पुढे चेन्नईयनबरोबर २०१५ आणि २०१८ ची आयएसएल जिंकला. अनस एडाथोडिका: पुणे एफसीचा बचावपटू, नंतर भारताच्या संघात. लालियानझुआला छांगते: डीएसके शिवाजियन्समधून आलेला, पुढे मुंबई सिटीचा स्टार, २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू. मग एफसी पुणे सिटीचे चौघे: आशिक कुरुनियन, विशाल कैथ, आशिष राय आणि निखिल पुजारी.

यादी भावनेच्या भरात केलेली असली तरी पोकळ नाही. ६ जानेवारी २०१९ ला अबू धाबीत आशियाई चषकात भारतानं थायलंडला ४-१ नं हरवलं. त्या मॅचमध्ये अनस आणि आशिक सुरुवातीपासून खेळले आणि चौथा गोल बदली म्हणून आलेल्या जेजेनं केला. विशाल राखीव गोलकीपर होता. आशिक आणि विशाल तेव्हा पुणे सिटीचेच होते. आठ महिन्यांनी तो क्लब राहिला नाही. आणि २०२३ च्या त्या फायनलला बागानच्या ताफ्यात विशाल, आशिक आणि आशिष असे तिघं जुने पुणेकर होते.

आता दावा भक्कम रूपात मांडू. मित्राचं म्हणणं तीन वाक्यांचं आहे:

१. गुणवत्ता पुण्यात होती.
२. पुण्यानं ती ओळखली नाही आणि सोडली.
३. सोडली नसती तर चषक बालेवाडीत आला असता.

तिन्ही वाक्यं एका दमात येतात, म्हणून एकच वाटतात. टीकेचं पहिलं काम म्हणजे ती सुटी करणं. कारण पहिलं खरं असूनही दुसरं चूक असू शकतं, आणि दोन्ही खरी असूनही तिसरं हवेत असू शकतं.

तपास पहिला: भागिले किती?

मी बियांच्या उगवणीवर काम करते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी एकविसाव्या दिवशी ट्रेमध्ये जी रोपं उभी होती ती मी मोजली, त्यांची उंची घेतली, छान आलेख काढला आणि गाइडसमोर नेला. सरांनी आलेख बघितलाच नाही. विचारलं, "मेलेली कुठं आहेत?" बुरशी लागलेले ट्रे मी धुऊन टाकले होते. माझ्याकडे वरचा आकडा होता, खालचा नव्हता. तीन आठवडे पाण्यात गेले आणि प्रयोग पुन्हा लावावा लागला.

मित्राच्या यादीत तोच घोटाळा आहे. 'पुण्यातून गेलेले आणि चमकलेले' सात आहेत, मान्य. पण पुण्यातून गेलेले एकूण किती? चार क्लबांचे मुख्य संघ, राखीव संघ, वयोगटांचे संघ आणि अकादम्या मिळून शेकड्यांनी मुलं आली-गेली. त्यातली बहुतेक कुठल्याच फायनलला टीव्हीवर दिसत नाहीत, म्हणून यादीतही येत नाहीत. यशस्वी झालेलेच नजरेस पडतात आणि त्यांच्यावरून आपण सगळ्यांबद्दल बोलतो. याला सिलेक्शन बायस म्हणतात.

यात आणखी एक गोम आहे. निवड करणाऱ्याच्या चुका दोन प्रकारच्या असतात: नको त्याला घेणं आणि हवा त्याला नाकारणं. पहिली चूक रोज डोळ्यांसमोर खेळते आणि पगार घेते. दुसरी चूक दिसायला तो नाकारलेला माणूस दुसऱ्या कुणीतरी निवडावा लागतो आणि तिथं तो चमकावा लागतो. म्हणजे हवे ते नाकारले गेले अशा सगळ्या घटना आपल्याला कधीच दिसत नाहीत. त्यातला एक गाळलेला भाग दिसतो. त्या गाळणीचं नाव आहे 'दुसरी संधी'. ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्याबद्दल यादी काहीच बोलत नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही बघा. मार्सेलिन्हो २०१६ मध्ये दिल्लीकडून आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करून २०१७ मध्ये पुण्यात आला. आधी नॉर्थईस्टकडून खेळलेला एमिलियानो अल्फारोही आला. त्या मोसमात पुणे सिटी पहिल्यांदाच सेमीफायनलला गेली. दिल्ली-गुवाहाटीच्या याद्यांमध्ये ही नावं असणार. विशाल शिलाँग लाजाँगहून आला होता, म्हणजे शिलाँगच्या यादीतही तो आहे. सात पक्क्या नावांतला पुण्याचा मूळ रहिवासी कोण? जेजे आणि छांगते मिझोरामचे, अनस आणि आशिक मलप्पुरमचे, विशाल हिमाचलचा, आशिष सिक्कीमचा. जे आपल्याकडे आले ते आपण जमेत धरत नाही, जे गेले ते मात्र लक्षात ठेवतो.

तपास दुसरा: त्या दिवशी काय माहीत होतं?

'ओळखायला हवं होतं' या वाक्यात काळाची चलाखी आहे. १९७५ मध्ये बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. लोकांना १८१४ च्या सुमाराला इंग्रज आणि गुरखे यांच्यात झालेल्या संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं. शेवट काय झाला असेल याचे चार पर्याय होते. काही गटांना त्यातला एक पर्याय 'असंच घडलं' म्हणून सांगितला, प्रत्येक गटाला वेगळा. मग विचारलं, शेवट माहीत नसता तर तुम्ही कुठल्या पर्यायाला किती शक्यता दिली असती? ज्याला जो शेवट सांगितला होता त्याला तोच आधीपासून जास्त शक्य वाटत होता. आपल्याकडे याला छान शब्द आहे, पश्चातबुद्धी. फरक इतकाच, की आपण तो टोमणा म्हणून वापरतो आणि फिशहॉफनं ती मोजून दाखवली.

हॅरी केन लहानपणी आर्सेनलमध्ये होता. एका मोसमानंतर त्याला सोडलं. आज ते हास्यास्पद वाटतं. पण त्या दिवशी आर्सेनलच्या प्रशिक्षकांपुढे होता आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा. इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू तेव्हा त्यांच्यासमोर नव्हता, कारण तो अजून झालेलाच नव्हता.

म्हणून निर्णय तपासताना त्या दिवसाची माहिती आणि नंतर कळलेली माहिती अशा दोन वह्या वेगळ्या ठेवायच्या. निर्णय चूक होता का, हे पहिल्या वहीवरून ठरतं. निकाल वाईट लागला का, हे दुसरीवरून. चांगल्या निर्णयाचा निकाल वाईट लागू शकतो. प्रयोगशाळेतही असंच असतं, पण थिसिस लिहिताना आपण सगळं 'अपेक्षेप्रमाणे' घडलं असं लिहून मोकळे होतो.

तपास तिसरा: माणूस की जागा?

विशालचंच उदाहरण घेऊ. पुण्याहून तो २०१९ मध्ये चेन्नईयनकडे गेला. तीन मोसम तिथं खेळून २०२२ मध्ये बागानकडे आला आणि पहिल्याच मोसमात सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लव्ह मिळवला. मित्र म्हणतो, "बघ, पुण्याची चूक." पण तसं असेल तर चेन्नईचीही चूक. दोन्ही क्लब आंधळे होते की बागानमध्ये काहीतरी वेगळं होतं?

गोलकीपरचं यश बहुधा क्लीन शीटमध्ये मोजतात, म्हणजे एकही गोल न खाता संपलेली मॅच. पण गोल न होणं हे काम एकट्या गोलकीपरचं नसतं. समोरचे चार बचावपटू, त्यांच्यापुढचे मध्यरक्षक, प्रशिक्षकाची आखणी, एवढंच काय, चेंडू जास्त वेळ आपल्या संघाकडे असणं, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. तुम्ही जैवशास्त्राचे असाल तर म्हणा, हा फिनोटाइप आहे. त्यात जीनोटाइप किती आणि वातावरण किती हे एका आकड्यावरून कळत नाही. माणूस आणि जागा दोन्ही एकदम बदलल्या की श्रेय वेगळं काढता येत नाही. याला कन्फाउंडिंग म्हणतात.

यावर उपाय काय? तोच माणूस पुन्हा त्याच जागी आणून बघायचा. फुटबॉलमध्ये हे क्वचित घडतं, पण घडलंय. मँचेस्टर युनायटेडनं २०१२ मध्ये पॉल पोग्बा गमावला, पश्चात्ताप केला, आणि २०१६ मध्ये ८.९ कोटी पौंड मोजून परत आणला. २०२२ मध्ये तो पुन्हा फुकट गेला. मधल्या काळात लीग एकदाही जिंकता आली नाही. चेल्सीनं २०१४ मध्ये रोमेलू लुकाकू विकला आणि २०२१ मध्ये जवळजवळ पावणेदहा कोटी पौंडांना परत घेतला. एका मोसमात दोघांचंही मन विटलं. दोन उदाहरणांवर सिद्धांत बांधता येत नाही, आणि परत आलेला माणूस सात वर्षांपूर्वीचा नसतो हेही खरं. पण 'ठेवला असता तर' हे वाक्य किती सहज उच्चारलं जातं आणि प्रत्यक्ष करून बघितल्यावर काय होतं, यातलं अंतर त्यातून दिसतं.

पुण्यासाठी तर याहून जवळची चाचणी उपलब्ध आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे सिटीची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबनं घेतली. आशिष, निखिल, मार्सेलिन्हो असे बरेच जण आणि प्रशिक्षक फिल ब्राउनसुद्धा तिकडे गेले. म्हणजे 'पुण्याचा संघ मोडला नसता तर' याला सगळ्यात जवळ जाणारा प्रयोग आपोआपच झाला. निकाल? पहिल्या मोसमात हैदराबाद दहा संघांत दहावं आलं. आशिक आणि विशाल त्यात नव्हते, शहर नवं होतं, तयारीला वेळ नव्हता, हे सगळं धरूनही तिसऱ्या वाक्याला हा पुरावा फारसा मानवत नाही.

मित्र लगेच दुसरं टोक दाखवतो: तेच हैदराबाद २० मार्च २०२२ ला केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन झालं, आणि संघात आशिष, निखिल होतेच. बरोबर. पण मध्ये अडीच वर्षं गेली, मानोलो मार्केस प्रशिक्षक म्हणून आले आणि बहुतेक संघ नवा घडला. तो चषक हैदराबादनं घडवलेल्या गोष्टींचा आहे. पुण्याच्या नावावर त्यातला फार तर एक तुकडा लागेल.

तपास चौथा: 'सोडलं' हे क्रियापद

इथपर्यंतची टीका कुठल्याही शहराच्या यादीला लागू पडते. मलाही बराच काळ वाटायचं की इथं विषय संपला. यादी म्हणजे बैल गेला नि झोपा केला, यापलीकडे काही नाही. मग एकदा मी ती सात नावं वहीत लिहिली आणि प्रत्येकापुढे दोन रकाने केले: 'कधी गेला' आणि 'तेव्हा क्लबचं काय चाललं होतं'.

जेजे २०१३ मध्ये पुणे एफसीहून गोव्याच्या डेम्पोकडे गेला. क्लब तेव्हा व्यवस्थित चालू होता. त्याच मोसमात आय-लीगमध्ये दुसरा आला होता. नेहमीच्या अर्थानं 'गेला' असा हा एक.

अनस: २०१५, पुणे एफसी बंद पडली. छांगते: डीएसके शिवाजियन्स २०१६-१७ नंतर आय-लीगमध्ये दिसलीच नाही. आशिक आणि विशाल: २०१९ चा उन्हाळा; पुणे सिटी कागदावर जिवंत होती, पण मालक वाधवान समूह आर्थिक अडचणीत होता. आशिष आणि निखिल: क्लबच दुसऱ्या शहरात गेला, म्हणून तेही गेले.

सातपैकी सहा. वर्गीकरण थोडं इकडेतिकडे होईल, आशिक आणि विशालबद्दल वाद घालता येईल. पण चित्र बदलत नाही. पुण्यानं गुणवत्ता ओळखली नाही असा आरोप करायला गुणवत्ता नाकारणारा कुणीतरी लागतो. इथं नाकारणारी खुर्चीच उरली नव्हती.

त्या रकान्यांवरून मग शहराची वहीच समोर आली. पिरामल समूहाचा पुणे एफसी: २००७ ते २०१५. कल्याणी समूहाचा भारत एफसी: आय-लीगमध्ये २०१४-१५ चा एकच मोसम. डीएसके शिवाजियन्स: आय-लीगचे दोन मोसम, २०१७ मध्ये बाहेर. एफसी पुणे सिटी: २०१४ ते २०१९. पाच वर्षांच्या आत देशातल्या वरच्या लीगमधले चार क्लब एका शहरातून गेले. चारही क्लब उद्योगसमूहांचे होते, आणि समूहाचं गणित बदललं की क्लब हा पहिला कापण्याजोगा खर्च ठरतो. सभासद, स्वतःचं मैदान, पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रेक्षक, असं काही मागे नसेल तर तो कापणं सोपंही असतं. बालेवाडीचं मैदान १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. ते सरकारी आहे आणि ते आहे तिथंच आहे. त्यावर खेळणारे भाडेकरू बदलत राहिले आणि शेवटी कुणीच राहिलं नाही.

आता हा निष्कर्ष पुन्हा करून बघता येतो का? शास्त्रात एका उदाहरणावर थांबत नाहीत. २०१९ च्या त्याच ऑगस्टअखेरीस दिल्ली डायनॅमोज हा क्लब भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. म्हणजे दिल्लीकरांच्या हातातही अशीच यादी आली. आणि ज्या हैदराबादला पुण्याची जागा मिळाली, तिथं २०२३-२४ च्या मोसमात पगार थकले आणि चॅम्पियन संघातले उरलेसुरले खेळाडू मोसम चालू असतानाच पांगले. निखिल पुजारी तेव्हाच बंगळुरूला गेला. २०२५ मध्ये तो क्लबही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. पुण्यात जे झालं ते हैदराबादेत पुन्हा झालं, आणि दोन्ही वेळा निखिल तिथंच होता. त्याच्याबद्दल 'कुणी ओळखलं नाही' म्हणायचं की 'कुणी टिकलं नाही'?

काय उरलं?

आता सुरुवातीला म्हटलेला शेवटचा टप्पा. तिसरं वाक्य, 'चषक आला असता', पुराव्यावर टिकत नाही. दुसरं, 'ओळखली नाही', हे सातपैकी सहांच्या बाबतीत प्रश्नच चुकीचा विचारतं. पहिलं वाक्य मात्र उरतं, आणि ते मला वाटलं होतं त्याहून बळकट उरतं. मलप्पुरमचा मुलगा पुणे एफसीच्या अकादमीत येतो, नंतर काही काळ स्पेनमध्ये व्हियारेआलच्या तिसऱ्या संघात खेळून परत पुण्यात येतो आणि भारतासाठी खेळतो, म्हणजे इथं घडवण्याची काहीतरी व्यवस्था होती. ती चांगलीच चालत होती.

अशा घडवणाऱ्या क्लबला मोबदला मिळावा म्हणून फिफाचा नियमही आहे: करार चालू असताना खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली झाली, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. पण तो मोबदला घ्यायला क्लब जिवंत असावा लागतो. माणूस घडवायला दहा वर्षं लागतात आणि आपले क्लब तेवढे टिकले नाहीत. पेरलं इथं, कापणी कोलकात्यात आणि मुंबईत झाली. त्यासाठी कुणा निवडकर्त्याला मूर्ख ठरवायची गरज नाही.

म्हणजे मित्राचा पश्चात्ताप खोटा नाही, पत्ता चुकलेला आहे. पश्चात्ताप हा पुरावा नसतो, पण कुठं खणायचं याची खूण असतो. तिला गृहीतक म्हणून वागवलं तर कामाची, निष्कर्ष म्हणून वागवलं तर फसवी.

हे सगळं मी मागच्या महिन्यात वही उघडून मित्राला दाखवलं. जरा फुशारकीनंच दाखवलं. त्यानं रकाने नीट वाचले, एक-दोन वर्षं दुरुस्त केली. मग म्हणाला, "तुझा तो खालचा आकडा, भागिले वाला. तो मी आहे."

मला माहीत होतं की तो लहानपणी खेळायचा. तो शहरातल्या एका क्लबच्या वयोगट संघात लेफ्ट बॅक होता, हे मात्र इतक्या वर्षांत त्यानं सांगितलं नव्हतं. सतरा वर्षांचा असताना क्लब बंद झाला. त्याच्या संघातल्या दोघांना दुसऱ्या शहरातून फोन आले. याला आला नाही. त्यानं बारावीचा फॉर्म भरला, आता एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. "मी चांगला होतो का, माहीत नाही," तो म्हणाला. "कळायच्या आत बंद झालं. वाईट त्याचं वाटतं. हरलो असतो तर चाललं असतं."

यादीवरची सगळ्यात मोठी टीका मी चार तपासांत करू शकले नव्हते, ती त्यानं केली. क्लब बंद पडल्यावर आशिक आणि विशाल वाचले, कारण तोवर ते दिसण्याइतके वर आले होते. खरं नुकसान त्यांच्याखालच्या मुलांचं झालं, ज्यांचं मोजमाप अर्ध्यात थांबलं. माझ्या भाषेत सांगायचं तर त्या मेलेल्या बिया नव्हत्या. त्या ट्रेला एकविसावा दिवस मिळालाच नाही.

तुमच्यासाठी

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा हे चार प्रश्न समासात लिहून ठेवा: खालचा आकडा कुठं आहे? त्या दिवशी काय माहीत होतं? माणूस आणि जागा वेगळे केलेत का? आणि वाक्याचं क्रियापद खरं आहे का? चौथा प्रश्न पाठ्यपुस्तकात सापडत नाही, पण सगळ्यात जास्त कामाला येतो. 'दिसून आलं', 'कारणीभूत ठरलं', 'सोडलं' या शब्दांत लेखकानं कर्ता कोण ठरवलाय ते बघा.

आणि ज्यांनी यंदा मुलाखती दिल्या आणि यादीत नाव आलं नाही, त्यांच्यासाठी एवढंच. पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत समिती दोन्ही प्रकारच्या चुका करते आणि दुसऱ्या प्रकारची चूक तिला कधी कळतही नाही. नकार आला की आधी रकाने पाडा: त्या वर्षी जागा किती होत्या, त्या गाइडकडे फेलोशिपचे पैसे होते का, विषय जुळत होता का. 'मी चांगला नाही' हा निष्कर्ष त्यानंतरच्या पानावर, आणि तोही पुरावा असेल तरच लिहायचा.

मित्रानं यंदाचा संघ लावलाय. गोलमध्ये विशालच आहे. लेफ्ट बॅकची जागा त्यानं पहिल्यांदाच रिकामी ठेवलीय.